मल्लाप्पाला दिलेला शब्द

पावणं, आमी मूळचं विजापूरकडलं. तिकडं पाणी न्हाय म्हणून बानं मला खांद्यावर घिऊन हिकडं शिरोळच्या अंगाला वीटभट्टीवर आणलं, तवापास्नं माझं हात चिखलातच. शाळा म्हणाल तर पाटी धरली आन सोडली. पण माझ्या विटंएवढी सरळ कड कोण काढत नव्हतं, जयसिंगपुरात कुणालाबी इचारा.

तर काय सांगू तुमाला, आरोग्याचा अभ्यास करणारी एक ताई भट्टीवर आली. म्हणाली, मामा, आमी इचारलं की तुमची माणसं सगळं बरं हाय म्हणत्यात, तवा तुमच्यातल्याच माणसानं इचारायचं, दुखतंय काय, दवाखान्यात का जात न्हाईसा, आन पुढं काय करायचं तेबी तुमीच ठरवायचं. मी म्हटलं, इचारतो की, कानडीबी येतंय मला आन मी भितोय कुणाला. शिकवलं आमाला चार-पाच जणांस्नी. एक गोष्ट पक्की, ज्यानं जे सांगितलं ते त्यानं व्हय म्हटल्याबिगर कुणाला सांगायचं न्हाय. मी खोपटाखोपटात जायाला लागलो तर बायका हसायच्या, आला बगा बिनसुईचा डाक्टर. पण सांगायच्या. लई सांगायच्या.

मल्लाप्पा माझा जोडीदार. त्यो चिखल मळायचा, मी साच्यात थापायचो, हयात अशी गेली. त्याचं पोरगं सिद्धू मला दोड्डप्पा म्हणायचं, म्हंजी मोठा बाप. त्या मल्लाप्पाला मी इचाराय बसलो तर म्हणतोय कसा, तू मला इचारणार व्हय रं, माझा ढेकर कवा येतोय त्येबी तुला ठावं हाय. मग हसायचा थांबला. अण्णा, म्हणाला, खोकल्यातनं रगत पडतंय. सिद्धूला सांगू नगंस. लगीन ठरलंय त्याचं, सोयऱ्याच्या कानावर गेलं तर मोडंल. शब्द दे. दिला.

ताईला नाव न घेता इचारलं. ती म्हणाली, टीबी असंल, गोळ्या फुकट हाईत, माणूस बरा हुतोय, आजच्या आज आणा, मी बरोबर येते. मी मल्लाप्पाच्या मागं लागलो. शिव्या दिल्या, पाया पडलो त्याच्या, मी, ज्यानं मालकाच्याबी पाया पडलो न्हाय. लगीन हुंदे, म्हणायचा. सिद्धूला सांगू का म्हटलं की म्हणायचा, शब्द दिलायस न्हवं?

लगीन झालं. वरातीत नाचलाबी गडी, खोकला आला की हलगीवाल्याच्या मागं जायाचा. सुनेच्या अंगाची हळद उतरायच्या आत गेला.

माती दिली आन सिद्धूनं इचारलं, दोड्डप्पा, तुला ठावं हुतं? मला खोटं बोलाय येत न्हाय. व्हय म्हटलं. पोरगं रडलं न्हाय, वरडलं न्हाय. म्हणालं, लगीन मोडलं असतं तर दुसरं केलं असतं की, आता दुसरा बा कुठनं आणू? बायकोला घिऊन कुठल्या भट्टीवर गेलाय कळंना. फोन उचलत न्हाय.

मग ताईनं आमा इचारणाऱ्यांची बैठक घेतली, तिथं मी हुबा ऱ्हायलो. म्हटलं, रगत पडत असंल तर मी शब्द पाळणार न्हाय, घरच्यास्नी सांगणार, आन ते मी पैलंच सांगून इचारणार. ताईच्या डोळ्यात पाणी. म्हणाली, मामा, मग तुमाला कोण सांगणार न्हाय. म्हटलं, न सांगूदेत.

खरं झालं तिचं. अजून फिरतोय मी. दारात हुबा ऱ्हाऊन पैलं माझी अट सांगतो, मग इचारतो. सगळं बरं हाय की मामा, म्हणत्यात, च्या घ्या. मी च्या पितो. भाईर पडलो की ताडपत्रीच्या आत कोणतरी तोंडावर पदर दाबून खोकतंय. कुणाचं दार वाजवू?

तुमी भट्ट्या हिंडताय, पावणं. सिद्धू भेटला तर एवढं सांगा. दोड्डप्पाबरोबर बोलू नगंस म्हणावं, पण छाती तपासून घे. बापाच्या कुशीला निजत हुतास. नव्या पोरीलाबी घिऊन जा. सुखानं नांदा दोघं.