दुखणं : सव्वा सेकंद

— मला नगं शिकवू गं विजयमाले. तू शब्द म्हणायचा, माझ्या मनात पयलं येईल ते मी बोलायचं आन् तू घड्याळाचं बटन दाबायचं — हेच की न्हाई? नऊ वर्सं ह्या मानसशास्त्राच्या खोलीत झाडू मारतीय मी. प्रॅक्टिकलला ज्याचा जोडीदार येत न्हाई, त्याची जोडीदार मनुबाई. मनुबाई, आरशात बघून चांदणी गिरवा. मनुबाई, ह्या शाईच्या डागात काय दिसतंय? — डाग दिसतोय, दुसरं काय दिसणार, पुसायचा मलाच असतोय! तुझ्या मैत्रिणीची कवठ्याची यष्टी चुकली, त्यात तू का रडकुंडीला येतीस? बाहेरचं परीक्षक आत्ताशी चा प्यायला गेल्यात. बस. हं, म्हण. घर — दार. पाणी — घागर. साप — काठी. दिवा — वात. बघ, कशी सटासट! तुझ्या आधीच्या सगळ्या पोरापोरींच्या वह्यांत हीच उत्तरं हायती, मला तोंडपाठ झाल्यात... काय? परीक्षक वळखतील? खरं सांगू म्हणतीस? लय शानी हाईस गं. बरं, खरं सांगती. म्हण फुडचा.

— थांब. ते घड्याळ बंद कर आधी. टिकटिक डोक्यात जातीय.

— 'दुखणं' म्हटलं की मी 'औषध' म्हणती. सव्वा सेकंद. दर साली. आज तू खरं म्हणालीस आन् जीभ अडली बघ. तुझाबी दोष न्हाई. मघाशी टेबल पुसताना तुझी वही उघडी हुती. चौथी झालीय माझी पलूसच्या शाळंत, वाचता येतंय मला. 'लक्ष दिल्याने सवय वाढते, लक्ष काढून घेतल्याने सवय नष्ट होते. उदाहरण — एका अशिक्षित श्रमिक आईने...' अशिक्षित म्हणं! चौथीला पयला नंबर हुता माझा. — असं काय बघतीस? ती आई मीच.

— माझी राही. धा वर्साची. शाळंला जायची वेळ झाली की पोटात दुखायचं तिच्या. मालक फौजंत, तिकडं जम्मूला, घरात मी आन् ती. मग मी शाळा बुडवू द्यायची, पेज करून द्यायची, डोकं मांडीवर घिऊन बसायची. हितं सरांस्नी इचारलं. तवा दोन सर हुते. म्हातारं सर म्हणालं, बाप लांब हाय, पोरीच्या मनात भ्या बसलंय, तिला सपनं काय पडत्यात ते इचारा. दुसरं ते उंदरांचं सर — उंदरानं दांडी दाबली की दाणा टाकायचं, दाणा बंद केला की उंदीर दांडी सोडून देतोय — त्यांस्नी मी इचारलंच न्हाई. कशाला इचारू? रोज उंदरांस्नी मीच दाणा घालती, डोळ्यानं बघितलं हुतं मी. आन् एक दिवस दाराबाहेर फरशी पुसत हुते तर आत तेच उंदरांचं सर शिकवत हुते — पोर दुखतंय म्हणतंय आन् आई जवळ घेतीय, तर आईच दुखणं वाढवतीय. बघू नका, बोलू नका, आपोआप थांबंल. मला म्हाताऱ्या सरांच्या सपनांपरास हे पटलं. सपनं कुणी बघितल्यात? उंदीर तर म्होरं हुता.

— सोमवारी राही म्हणाली, आई, दुखतंय. मी भाकरी थापत हुते, मान वर केली न्हाई. मंगळवारी वरडली. लय वरडली. आक्काताई शेजारची धावत आली, तिला दारातनंच परत धाडलं — म्हटलं, तुमी लाड करू नगासा, हे शास्त्र हाय. शास्त्र म्हणाले मी! बुधवारी सकाळी पोरगी गप. भित्तीकडं तोंड करून पडली, एक शबुद न्हाई. आन् मी — मला आनंद झाला गं. वाटलं, गुण आला. तिच्या उशाला पाण्याचा तांब्या ठेवला, डोक्यात माळलं... फूल माळून आले मी कालेजात! आन् सरांस्नी सांगितलं, सर, तुमचं खरं हाय, तिसऱ्या दिवशी थांबलं. सर इतकं खूश झालं, त्याच तासाला पोरांस्नी लिहून दिलं. मी दारात हुबी राहून ऐकलं. 'तिसऱ्या दिवशी तक्रार पूर्णपणे थांबली.'

— चारला घरी गेले. पोट पाटीसारखं कडक. बैलगाडीतनं नेली. डाक्टर म्हणालं, आतडं पिकून फुटलंय, फुटलं की घटकाभर दुखायचं थांबतंय, म्हणून ती गप झाली. गुरुवारी गेली. चार वर्सं झाली.

— न्हाई, सरांस्नी ठावं न्हाई. कुणालाच ठावं न्हाई. मी सांगितलं तापानं गेली. मालकांस्नीबी तारंत तापच लिवला. काय सांगणार? सर साताऱ्याला बदलून गेलं, पर त्यांच्या नोट्स हितंच ऱ्हायल्या. फुडच्या पोरांनी मागच्यांच्या उतरून घ्यायच्या, त्यांच्या त्यांच्या फुडच्यांनी. दर साली माझी राही बरी हुतीय तुमच्या वह्यांत. नव्या बाईंस्नी आडून इचारलं हुतं — आकडेवाल्या बाई, शंभर माणसं मोजल्याबिगार बोलत न्हाईत — कुणा आईनं असं केलं आन् पोर दगावलं, तर? त्या म्हणाल्या, मनुबाई, एका उदाहरणावरनं काही सिद्ध होत नाही. चांगल्या हायती बाई. पर मला ती एकच हुती.

— आलं परीक्षक, जिन्यात बूट वाजतंय. लिव — दुखणं, औषध, सव्वा सेकंद. लिव की! मार्क जातील. वहीत काय खोडू नगं, त्यांनी तेच उदाहरण इचारलं तर तेच सांग, पास हो. — का लिवंना झालीस? ती जागा कोरी ठेवतीस? ठेव मग कोरी. इचारलं तर काय सांगशील?... अगं, बोल की. अशी भित्तीकडं तोंड करून बसू नगं. रड हवं तर, वरड, मला शिव्या दे — मी बघतीय तुझ्याकडं, बघ, मी बघतीय — पर गप बसू नगं, पोरी. माझ्याफुडं गप बसू नगं.