कुठल्या डोळ्याचा पांढरा

रंगाच्या दुकानातल्या रांगेत एका शिक्षिकेच्या पुढे एक म्हातारं जोडपं पांढऱ्या छटांचे नमुने पाहत होतं.

“भिंतींना हा, दारांना तो. चालेल ना गं?”

“थांबा हो. उजव्या डोळ्याला दोन्ही वेगळे दिसतायत. एक मिठासारखा, एक सायीसारखा.”

“आणि डाव्याला?”

“दोन्हींवर चहा सांडल्यासारखा.”

“उजव्यातला मोतीबिंदू काढला, डाव्यात आहे अजून. ऑपरेशन नको म्हणून तूच अडून बसलीस.”

“भीती वाटते हो.”

“मग घर कुठल्या डोळ्याला विचारून रंगवू?”

आजींनी आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. आता त्या नमुन्यांकडे पाहत नव्हत्या.

“अहो, तुमचे केस एवढे पांढरेशुभ्र आहेत?”

“केव्हाचेच.”

“डॉक्टरांना फोन लावा. रंग नंतर बघू.”