थोरलीची कुत्री
प्राण्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर पट्ट्या गुंडाळत होता. समोरच्या बाकावर, आपापल्या घरी कुत्री पाळून पिल्लं विकणाऱ्या दोन सख्ख्या जावा बोलत होत्या. थोरलीच्या पायाशी तिची खंगलेली कुत्री पडली होती.

"जाऊबाई, नवा कायदा येतोय. पिल्लं विकायला परवाना लागणार म्हणे."

"तुला कसली गं चिंता? तुझ्या कुत्र्यांना वेगळी खोली, वर पंखा. परवाना आधी तुलाच मिळेल."

"कुत्रीला वर्षातून एकदाच विऊ द्यायचं, असंही आहे त्यात."

"मीही दिली असती हिला उसंत! पण तुझ्या दारातली गिऱ्हाइकांची रीघ बघून माझा डोळा लागेना, त्याचं काय?"

कंपाउंडरचे हात थांबले. मग त्याने त्यांना आत बोलावलं. कुत्रीला उठवेना, म्हणून धाकटीने तिला अलगद उचललं. कुत्री तिचा हात चाटू लागली.

"घ्या! हीसुद्धा तुलाच फितूर."