शिडी परत आली तेव्हाचा चेहरा

नाही गं, खोटं आहे असं मी कुठे म्हटलं? खोटं एक अक्षर नाही त्यात. बोललेय मीच, बोललेत हेच, घर आमचंच, पडदे माझ्याच हातचे — खोटं काय असणार? मी फोनवर एवढंच म्हटलं की मागचं पुढे झालंय. बस ना, अशी उभी काय राहिलीस, वर्षभर ह्या घरात मांडी ठोकून बसलीस आणि आता एकदम पाहुणी झालीस का? ती कापडं सरकव तिकडे — हळू, टाचण्या आहेत. हे नाहीयेत घरात, केस कापायला गेलेत, म्हणून तर तुला आत्ता बोलावलं. हो, केस कापायला! तुलाही नवल वाटलं ना? सांगते, सगळं सांगते, आधी चहा घे. तुझाच कप आहे, कान तुटलेला. दुसऱ्या कुणाला देत नाही मी तो.

आता बघ, तुझी फिल्म कशी आहे. आधी फोटो येतात — आमचा भुंगा पाळण्यात, भुंगा शाळेच्या कपड्यात, भुंगा मिसरूड फुटल्यावर. सारखा गुणगुणायचा म्हणून ह्यांनीच ठेवलेलं नाव ते, तेही छान आलंय. मग हे बोलतात. लेथवर जन्म गेलेला माणूस, शब्द म्हणजे ह्यांना जड सामान, तरी तुझ्यापुढे बोलले — की मुलाची नोकरी गेली, घरात बसून होता, एक दिवस जेवताना माझं डोकं फिरलं आणि मी म्हणालो, इथे फुकट गिळायला बसू नकोस, जिथे पोसतील तिथे जा. आणि मग ते खाली बघतात. किती वेळ बघतात! आणि पुढच्याच क्षणाला काय? रिकामी कॉट. आणि माझा आवाज — सकाळी गेला तो परत आलाच नाही. बाई गं, मी स्वतः दचकले! मला वाटलं, अरेच्चा, म्हणजे असं झालं होय? ह्याच घरात होते मी, आणि मलाच पत्ता नव्हता!

अगं, ते बोलले भर उन्हाळ्यात. तो गेला थंडीत. मध्ये काय आम्ही सगळे झोपलो होतो का? मध्ये त्याला चष्म्याच्या दुकानात काम लागलं, काचा बसवायचं. पहिल्या आठवड्यातच बापाच्या नाकावर नवा चष्मा आणून ठेवला — म्हणाला, आता नीट बघा आणि मग शिव्या द्या. आणि हे हसले! ह्यांचं हसू म्हणजे कसं, आधी खोकला येतो. मध्ये त्या दोघांनी मिळून ही फळी ठोकली माझ्या मशीनवर. बघ, अजून तिरकीच आहे. एकजण म्हणे डावीकडे वर घे, दुसरा म्हणे तुमचा नवा चष्मा फुकट गेला, आणि शेवटी झालं काय, ठेवलेलं प्रत्येक रीळ घरंगळत त्या टोकाला जातं. मी तुला हे सगळं सांगितलं होतं, ह्याच खुर्चीत बसून. तू फळीवर कॅमेरा पण फिरवला होतास, रिळं घरंगळून दाखवायला लावलीस मला दोनदा. कुठे गेलं ते? — हं. माहीत आहे. सांगितलंस तू त्या दिवशी. त्यात काही घडत नाही. खरं आहे, काही घडत नाही. माणसं जेवतात, फळी ठोकतात, एकमेकांची टर उडवतात, ह्यात काय घडतंय? पण बाळ, आमच्याकडे घडलं ते तेवढंच गं.

आणि ती सकाळ. तीही कापलीस. पायमोजे शोधत होता, एक सापडत नव्हता, मी म्हटलं तुझ्या बुडाखाली बघ, तर खरंच बुडाखाली. दारातून वळून म्हणाला, आई, येताना काही आणायचंय? मी मशीनवरून मान पण वर केली नाही. म्हटलं, पांढरा दोरा आण. संपलं. एवढंच. तू म्हणालीस, काकू, हे ठेवलं तर लोकांचा गोंधळ उडेल — मुलगा दोरा आणणार होता, म्हणजे परत येणार होता, मग तो गेला कशाला असं लोक विचारतील. विचारू देत की! मीही तेच विचारते. रोज विचारते. माझा गोंधळ उडालेला चालतो, आणि तिकीट काढून आलेल्या माणसांचा नको?

रागावले नाहीये मी. मला कळतं, निदान थोडंफार कळतं. गोष्टीला कणा लागतो म्हणालीस, नाहीतर ती उभीच राहत नाही, पसरते. मान्य. लहानपणी मी त्याला सिनेमाच्या गोष्टी सांगायचे मशीन चालवता चालवता, तेव्हा मीही मधलं गाळायचेच. जिथे तो जांभई द्यायचा तिथून पुढे उडी मारायची. आणि तो सारखा, मग? मग काय झालं? मग? त्याला त्या मगचं उत्तर लागायचं. सगळ्यांनाच लागतं. पण तू काय केलंस, तू ह्यांचं ते वाक्य आणि ती कॉट शेजारी शेजारी ठेवलीस. तू कुठेच म्हटलं नाहीस की बाप बोलला म्हणून मुलगा गेला. कोणीच म्हटलं नाही. पण दोन गोष्टी अशा चिकटून ठेवल्या की तो 'म्हणून' आपला आपण येऊन मध्ये बसतो. आणि बसला की उठत नाही.

ह्यांच्या डोक्यात बसलाय तो. म्हणून बोलावलं मी तुला. तू फिल्म दाखवून गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसले आणि म्हणाले, मी बोललो आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मी म्हटलं, अहो, असं काय करता, उन्हाळा होता तो, मध्ये चष्मा आणला, फळी ठोकलीत. तर माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मीच भ्रमिष्ट झालेय. म्हणाले, नाही, आदल्या रात्रीचंच आहे ते. तू फिल्म बघितलीस ना? — आता बोल! घरात काय झालं ते घरातल्या माणसाला फिल्म सांगणार! बरं, फळी तर समोर आहे, तिरकी, ती कोणी ठोकली? तर म्हणाले, मीच ठोकली असेन.

पण थांब, पुढे ऐक. तुला वाटेल झुरणीला लागले असतील. उलटं झालं. तू बघितलंयस ना त्यांना, वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडलेले? माझ्याकडे वळवायला मला हाताने ओढायला लागायचं. तो माणूस उठून बसला. पोटभर जेवायला लागला. दाढी करतात. मोरीत नळ सोडून आत काहीतरी पुटपुटतात, मी एकदा कान लावला — तर माफी मागायची तालीम चालली होती. 'बाळा, मी बोलून गेलो.' मग परत, 'बोलून गेलो रे.' रे लावायचा की नाही ते ठरत नव्हतं त्यांचं. कळलं ना तुला? कारण मिळालं ह्यांना. आपल्यामुळे गेला असेल, तर आपल्यामुळे परतही येईल. इतके दिवस हातात काहीच नव्हतं, आता निदान चूक आहे.

आणि त्यावर तुझा तो शेवट. बेल वाजते, हे उठतात, दार उघडतात, आणि चेहरा — अगं, काय तो चेहरा, दिवा लागल्यासारखा — आणि अंधार, संपली फिल्म. त्या दिवशी तुझ्याबरोबर आलेली ती माणसं रडली. मीही रडले. आणि मला माहीत आहे दारात कोण होतं! खालच्या मजल्यावरचा रंगारी, आमची शिडी परत द्यायला आलेला. कधीपासून मागून मागून हे थकले होते, तो आज देतो उद्या देतो करायचा. शिडी परत आली म्हणून झालेला चेहरा आहे तो! तू तेव्हा पोट धरून हसली होतीस, कॅमेरा हलला म्हणून तुझा तो फिल्म जोडणारा पोरगा तुझ्यावर ओरडला होता. आठवतंय ना? पण ह्यांना नाही आठवत. आता तू आलीस तेव्हा बेल न वाजवता आत आलीस ना? दार नुसतं लोटलेलं होतं. दिवसरात्र तसंच असतं. कडी लावू देत नाहीत मला. त्याला वाटायला नको म्हणतात, की बंद आहे.

म्हणून म्हणते, बदल ते. उसवून परत शीव. भांडण त्याच्या जागी ने, मध्ये फळी घाल, चष्मा घाल, दोरा घाल, आणि दाराच्या तिथे शिडी दाखव, नाहीतर दारच काढून टाक. मी सांगून ते ऐकत नाहीत, फिल्मचं ऐकतील. — हो, कळतंय, तशी कोणी बघणार नाही. बसणारच नाही कोणी शेवटपर्यंत. पण एकटे हे तरी बघतील ना? हे दार असं उघडं ठेवून किती दिवस काढायचे मी? तो येणार नाही हे माहीत असताना मी रोज त्याच्या नावाचं ताट—

काही नाही. असंच. आई म्हणून वाटतं ते बोलले. चहा गार झाला तुझा, आण, गरम करून देते.

थांब. जिन्यावर कोणीतरी—

नाही. वर गेले. वरच्या मजल्यावरचे असतील. — बघितलंस, माझाही हात केसांवर गेला. माहीत असून गेला. काय बघतेस अशी? किती वेळ लपवणार मी तुझ्यापासून, वर्षभर माझा चेहरा वाचत बसलेली तू. फोन आला होता मला, पोलिसांचा. तू फिल्म दाखवून गेलीस त्यानंतरच्या आठवड्यात. ह्यांना सांगितलं गिऱ्हाइकाकडे पडदे द्यायला जाते, आणि गेले. शहराच्या पार त्या टोकाला. कपडे होते एका पाकिटात, तो गेला त्याच थंडीतले. बाकी सगळं त्या लोकांनी केव्हाच उरकलं होतं, ओळख पटली नाही म्हणून. आता कोणीतरी जुनी पाकिटं उपसायला घेतली तेव्हा हरवल्याच्या तक्रारीतला आमचा नंबर निघाला. रस्त्यावरच्या गाडीचं काहीतरी सांगत होते, मी नीट ऐकलंच नाही. सदरा ओळखीचा, बटण मी बदललेलं, जुन्याला जुळत नव्हतं म्हणून तो कुरकुरला होता. आणि खिशातलं म्हणून वेगळं बांधलेलं — रीळ. पांढऱ्या दोऱ्याचं. नवंकोरं. वरचा कागदही काढलेला नव्हता.

येत होता गं तो. घरी येत होता.

आणि मी त्या साहेबांना म्हटलं, नाही, हा आमचा नाही. ह्यांनी त्या दिवशी सकाळी दाढी केली होती. हो म्हटलं असतं तर मला घरी येऊन सांगावं लागलं असतं. तुमच्या बोलण्याने तो गेला नाही हे सांगायला माझ्याकडे त्या रिळाशिवाय काही नाही, आणि रीळ दाखवलं की दुसरंही सांगावं लागतं. एकाशिवाय दुसरं सांगता येत नाही. मी फार विचार केला, येताना सगळ्या रस्त्याने केला, नाही येत. त्यांनी पाकीट परत बांधलं. रीळ तिथेच राहिलं. आपला नाही म्हटल्यावर कसं मागणार?

रडू नकोस. — आणि त्या कॅमेऱ्याच्या पिशवीला हात लावू नकोस. लावलास, मी बघितलं. एका क्षणापुरतंच, तुझ्याही नकळत, पण बघितलं. अगं, मला राग नाही, मलाही दिसलं ते, तुझ्याआधी दिसलं, तिथे त्या टेबलापाशीच दिसलं — की आधी दोरा सांगितलेला दाखवायचा आणि शेवटी हे रीळ, बास, काय उभी राहील फिल्म! कणा म्हणतेस तो मिळाला. सगळ्या मगचं उत्तर. आणि ह्यांना कुठे बसवणार आहेस ती बघायला? कितव्या रांगेत?

नको. काही बदलू नकोस. मी उगाच बोलावलं तुला. आहे तशी दाखव. भांडण तिथेच असू दे, कॉट तिथेच असू दे, आणि ते दारही. भिंतीकडे तोंड करून मेलेला माणूस परत सांभाळायची ताकद नाही माझ्यात. मी काही बोलले नाही, तू काही ऐकलं नाहीस.

ऊठ. ऊठ आता, येतीलच ते. नवे केस बघून तुला विचारतील, कसा दिसतो, ओळखेल ना मला? आणि तुझ्याच्याने उत्तर देववणार नाही. डोळे पूस, ह्या पडद्याला पूस, अजून शिवायचाय तो. जा. मागच्या जिन्याने जा.

अगं, दार — नाही, ओढू नकोस ते. असू दे तसंच.