चाळीस रुपयांचा सौदा

आणि वर जीएसटी! म्हणजे बघा, दंड पाचशे, दंडावर कर नव्वद, आणि गुन्हा केवढा? चाळीस रुपये! तुम्हाला सांगते, आमचे अब्बा, शमशेरभाई, काष्टीच्या बाजारात शेळ्यांचे व्यापारी. टेम्पोचा हप्ता त्यांनी आजवर एकदा चुकवला नाही, आणि ह्या महिन्यात खात्यात चाळीस रुपये कमी पडले, तर बँकेनं काय करावं? फोन करावा? नाही! आपल्याच मनानं चाळीस घातले, हप्ता कापून घेतला, खातं वजा चाळीस केलं, आणि मेसेज काय, तर 'आपण परवानगीशिवाय जादा रक्कम वापरली आहे.' अब्बा म्हणाले, "कैनात, मी कुटं मागितले गं चाळीस? त्यांनीच दिले की!" मी म्हटलं, अब्बा, चला बँकेत. प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे!

आता मी नगरला वकिली शिकते, दुसऱ्याच वर्षाला आहे, पण अब्बांनी मला गल्लीत, मशिदीपाशी, चहाच्या टपरीवर केव्हाच वकीलसाहेब करून टाकलंय. त्या दिवशी तर अख्ख्या बाजाराला सांगत निघाले, "पोरगी बँकेशी भांडाया चाललीय!" आता सांगा, हात हलवत परत यायची सोय उरली का?

बँकेत बाजाराच्या दिवसाची ही गर्दी! मॅनेजर कल्याण वाकचौरे, अकोले तालुक्यातून नुकतेच बदलून आलेले, सज्जन माणूस, आवाज कसा... सायीसारखा. "मॅडम, दंड नसेल तर शिस्त राहत नाही. उद्या सगळेच खातं वजा करतील." शिस्त! मग मी जी सुरू झाले... म्हटलं, साहेब, दंड असावा, पण गुन्ह्याच्या मापाचा असावा की नाही? बाजारात इसार देऊन जनावर उचललं नाही तर इसार बुडतो, मान्य! पण इसारच बुडतो हो, अंगावरचा शर्ट उतरवून घेत नाहीत! टाळ्या पडल्या. खरंच पडल्या! फक्त रांगेतली दगडाबाई ओरडली, "ए वकिलीनबाई, भाषान आटप, मला निराधारचा पगार काढायचाय!" म्हटलं, आजी, हे तुमच्यासारख्यांसाठीच चाललंय. "माज्यासाटी असंल तर लौकर कर!"

मॅनेजर म्हणाले, "सगळं पटतं मॅडम, अर्ज द्या, वर पाठवतो." वर! वर कोण बसलंय, कुणी बघितलंय का? म्हटलं, वर नको, इथंच, आणि दंड अन्यायाचा होता असं लेखी द्या. प्रश्न पैशाचा नाही... "तत्त्वाचा हाय!" रांगेनंच पुरं केलं.

तेवढ्यात अब्बांनी काय करावं? खांद्यावरचा रुमाल काढला, हात पुढं केला आणि वर रुमाल पसरला! बाजारात सौदा असाच होतो, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची, भाव बोटांनी बोलायचा, बघणाऱ्याला पत्ता नाही. पण हे बँकेत? मॅनेजरच्या टेबलावर? धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "अब्बा, ही बँक आहे!" "व्हय, पन समोर मानूसच हाय ना? साहेब, घाला हात."

वाकचौरे साहेबांनी शिपायाकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं... आणि घातला की हो हात! "आमचे वडील बैलांचा व्यापार करायचे," एवढंच पुटपुटले. मग काय, रुमाल हलतोय, साहेब 'छे छे' करतायत, अब्बा डोळे मिटून बसलेत, साहेबांच्या कपाळाला घाम, आणि दगडाबाई रांग सोडून टेबलाला टेकलीय, "सोडू नगं शमशेर, सोडू नगं!"... फाट्कन अब्बांनी हातावर हात मारला. ठरलं! साडेपाचशे परत, चाळीस बँकेला. साहेब म्हणाले, "माझ्या अधिकारात बसतं तेवढं केलं." अधिकार होता! मग मघाशी वर काय पाठवत होते?

बाहेर येऊन मी भडकले. चाळीस तरी का सोडले? "खात्यात चाळीस नव्हते, हे खरं का न्हाई? आन् बेटा, समोरच्याला रिकाम्या हातानं उठवू नये. पुढल्या म्हैन्यात बी हप्ता हायच." आणि मग बाजारभर, दावणीदावणीला थांबून, "माज्या पोरीनं साहेबाला असा तापवून दिला, असा तापवून दिला, म्या नुसता हात घातला!" लेखी? लेखी काही मिळालं नाही. पण छाती माझी अशी फुगली होती म्हणून सांगू... अब्बांना तेवढी दाखवली नाही.

आता बाजार भरला की लोक मोबाईल घेऊन आमच्या दारात. कुणाचे मेसेजचे कापले, कुणाचे शिल्लक कमी म्हणून कापले. मी लगेच कागद-पेन काढते, म्हणते बसा, अर्ज लिहू, वरपर्यंत लढू, प्रश्न पैशाचा नाही...

"तत्त्वाचा हाय, वकीलसाहेब, येकदम बरोबर हाय," म्हणतात, "पन शमशेरभाईचा रुमाल कुटं हाय?"