वीसपैकी वीस

भोकरदनच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकड्यावर दोन आशाताई बसल्या होत्या. थोरलीच्या मांडीवर वर्षाचं लेकरू झोपलं होतं.

“कौसल्यामावशी, लेकरांच्या तपासणीचं ऑनलाइन ट्रेनिंग झालं का तुमचं?”

“झालं की. परीक्षेत वीसपैकी वीस पडले.”

“माझा व्हिडिओ मधीच अडकून राह्यला. घरात रेंजच न्हाई.”

“गच्चीवर जायचं. मी तिथंच बघितला, आवाज फुल करून.”

“अवघड आहे का?”

“न्हाई गं. खुळखुळा वाजवला की सहा महिन्यांचं लेकरू वळून बघतं का, असलं इचारतेत.”

“ते तर आपल्याला पाठ आहे.”

“पाठच आहे. गावातल्या समद्या लेकरांपुढं वाजवला मी.”

“अन् ह्याच्यापुढं?”

“घरच्या नातवाला कोण तपासतं? रडत न्हाई, दचकत न्हाई, म्हणून समदे कौतुक करायचे. मी बी.”

“मंग?”

“व्हिडिओत खुळखुळा वाजला तवा शेजारचं कुत्रं भुंकलं. हा बाजूलाच खेळत होता. मान बी न्हाई वळवली.”

“म्हणून जालन्याला?”

“कानाच्या डॉक्टरकडं.”

गाडी लागली. ड्रायव्हरनं जोरात हॉर्न दाबला.

“अगं बाई! लेकरू उठंल ना!”

“न्हाई उठत.”