माप चुकलं नव्हतं

सन्माननीय अध्यक्ष आदरणीय कृष्णकांत सर, महिला मंडळाच्या चिटणीस चारुशीलाताई, आजच्या सत्कारमूर्ती, मंडळाच्या दवाखान्याच्या डॉक्टर अरुंधती मॅडम, समोर बसलेल्या माता-भगिनींनो, आणि दाराजवळ उभे राहून घडीघडी कोटाचे खिसे चाचपून राहिलेले मॅडमचे यजमान, आपले साहेब. साहेब, नका चाचपू. तिकिटं तुमच्या कोटात नाहीत. माझ्या खिशात आहेत.

हो, मीच काढली. मघाशी तुम्ही ट्रंका टांग्यात ठेवाले गेले अन् कोट माझ्या हातात देला ना, तवा. रेल्वेची पुठ्ठ्याची दोन तिकिटं, हे पाहा. चोरी नाही केली. म्हणजे केली, पण विकाले नाही केली. वापस देतो. फक्त माझं भाषण होऊ द्या. सर, तुम्ही काहून उठले? बसा ना. कार्यक्रम शिस्तीत झाला पाहिजे, असं तुम्हीच तं सुरुवातीले म्हणाले.

माझं नाव चंद्रभान. बर्डीच्या बाजारात नानाजींचं होजिअरीचं दुकान आहे, तिथं मी काउंटरवर असतो. खरं तं आज इथं नानाजी बोलणार होते. सकाळी त्यांले ताप आला. कोणता ताप, ते सांगतो. माइकवर 'ब्रेसियर' म्हणा लागन, हा ताप. इतकी वर्षं तोच माल विकून राहिले, पण तो शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. ते म्हणते 'आतलं'. गिऱ्हाईक बाईपण म्हणते, "भाऊ, आतलं द्या." मी विचारतो, "कितीचं?" ती भिंतीकडं पाहून म्हणते, "ब्लाऊज बत्तीस." झालं. डब्बा उघडणं नाही, माल पाहणं नाही. पेपरात गुंडाळला, सुतळी बांधली, पिशवीत मेथीच्या जुडीखाली गेला. चोरीचा माल माणूस यापेक्षा आरामात घेते.

हसले! हसा, हसा. मले जरा धीर येते.

तं दिवाळीच्या आधी मॅडम आमच्या दुकानात आल्या. पाठीमागं हात बांधून सगळं पाहिलं अन् नानाजींले म्हणाल्या, "तुम्ही अर्ध्या नागपूरला चुकीचं माप विकता." नानाजींच्या हातातून सुतळीचा गुंडा पडला. मॅडम म्हणाल्या, "एक दुपार दुकान बायकांसाठी द्या. मी बोलते. पुरुष सगळे बाहेर." नानाजी बिचारे भिऊन हो म्हणाले. इथं बसलेल्या किती तरी ताया त्या दुपारी आल्या होत्या. गडी सगळे बाहेर गेले. मी नाही गेलो. मी मागं गोदामात, डब्ब्यांच्या थप्पीमागं होतो.

चारुशीलाताई, अशा नका पाहू. मले वाटलं, काही गंमत ऐकू येईन, टपरीवर पोट्ट्यांपुढं नक्कल करता येईन. गंमत कुठली बाप्पा! मॅडम म्हणत होत्या, पाठीचा पट्टा वर चढत असेल तर माप ढिलं आहे. पट्टी खांद्यात रुतत असेल तर सगळा भार खांद्यावर आलाय. आधी छातीखालून टेप लावा, मग छातीवरून. ब्लाऊजच्या मापावर जाऊ नका. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत, अख्खा हात नाही. एका कॉलेजच्या पोरीनं विचारलं, "मुंबईले छातीत पिशवी बसवून मोठी करून देते म्हणे, खरं का?" मॅडम म्हणाल्या, "बसवतात. त्याचे त्रासही असतात. पण बाई, जे आहे त्याची आधी ओळख करून घे. पिशवीचं मग बघू."

आणि मग म्हणाल्या, ते मी डब्ब्यामागून शब्दाशब्दानं ऐकलं. "ब्रेसियरनं गाठ होत नाही. पण झालेली गाठ ब्रेसियर बदलून जातही नाही. पाळी झाली की दर महिन्याला स्वतःच्या हातानं तपासा. पाळी गेली असेल, तरी महिन्यातून एकदा तपासाच. गाठ लागली तर दुखो, न दुखो, दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. बहुतेक गाठी साध्या निघतात. पण साधी आहे हे कोण ठरवणार, तुम्ही की मी?"

आता मी तुम्हाले एका बाईची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. तिचा एक पोरगा दुकानात कामाले आहे. नवरा कामठीले लूमवर असते, शनिवारी घरी येते. पोरीचं लगन जमलं आहे. तं या बाईनं पोरीच्या हाती पोराले निरोप देला, कारण माय काही पोराले असं तोंडानं सांगत नाही. निरोप काय, तं 'आतलं जरा मोठं आण, डाव्या बाजूले टोचून राहिलं.' मी नेलं.

म्हणजे त्या पोरानं नेलं.

जाऊ द्या. मीच नेलं. माझीच माय.

मागं वळून पाहू नका! हात जोडतो तुमच्यापुढं, कोणी मागं पाहू नका. ती आहे इथं. पण तिले वाटते, हे संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. मी तिले सांगितलं, मंडळात वाण वाटून राहिले, स्टीलची वाटी. नाही तं ती आली नसती.

तं मी मोठं नेलं. पुन्हा निरोप, टोचते. दुसऱ्या कंपनीचं नेलं. टोचते. मऊ कापडाचं नेलं, पुढून बटनाचं नेलं. टोचते. मी रोज सकाळी डब्बा वापस ठेवो, तं नानाजी म्हणत, "कोणतं गिऱ्हाईक आहे बे हे, ज्याले आपल्या दुकानातलं काहीच बसत नाही?" मी म्हणो, "आहे एक झंझटी बाई." मायले झंझटी म्हटलं मी. मग एक दिवस डोक्यात किडा आला. आमच्या शोकेसमध्ये सगळ्यात मोठ्या मापाचा एक पीस राहते, नुसता दाखवाले. तो उतरवला, चांगला पेपरात गुंडाळला अन् घरी पाठवला. म्हटलं, आता टोचन तं सांग! अन् ओसरीत बसलो, आतून हसू येईन म्हणून कान लावून.

हसू नाही आलं. माझी बहीण शामला बाहेर आली.

"दादा, माय रडून राहिली."

"काहून वं? मजाक केला मी."

"माप नाही चुकलं दादा. तिले गाठ हाय. सुपारीएवढी."

"कवापासून?"

"पोळ्यापासून."

"दुखते का?"

"नाही नं. दुखत नाही म्हणून तं कोणाले सांगतलं नाही. तिले वाटलं, आतलं काचते म्हणून झाली, ढिलं घातलं का जाईन."

सर, मी शाळेत किती शिकलो ते तुम्हाले ठाऊक आहे, तुम्हीच मले बाकावर उभं करत होते. पण त्या दिवशी मले गोदामातलं सगळं आठवलं, एकही शब्द चुकला नाही. मी ते ऐकलं होतं, पाठ केलं होतं, टपरीवर मॅडमचा आवाज काढून हशा घेतला होता. अन् घरी डब्बेच बदलत राहिलो.

मी मायले म्हटलं, "चाल दवाखान्यात." तर ती चुलीपाशी बसून भाकरीच थापत राहिली.

"शामलाचं होऊ दे पहिले. हुडकेश्वरच्या सोयऱ्यांले समजलं तं म्हणतीन, मायले अशी बिमारी, पोरीलेही असन. जमलेलं मोडतीन."

"माय, तवापर्यंत..."

"अन् कापून टाकतीन रे मले."

मी म्हटलं, "कापलं तं मुंबईले पिशवी बसवून देते म्हणे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुह्या दुकानातून आणशीन का? तेबी टोचन मले." अन् हसली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "बाईमाणूस डॉक्टर असन तं एकडाव दाखवीन. बाप्यासमोर मी पदर नाही काढत."

आता सांगा, मी काय करू? एवढं ती म्हणाली, अन् दुसऱ्याच दिवशी कळलं का साहेबांची बदली झाली, मॅडम चालल्या, सोमवारपासून मंडळाच्या दवाखान्यात नवे डॉक्टर येणार, अन् ते बाप्ये. चांगलेच असतीन. मी नाव नाही ठेवत. पण माय जाणार नाही. काल येते म्हणाली अन् पायात चप्पल घालून परत काढली. आज वाटीच्या नावानं आणली, तं इथं हारतुरे, भाषणं, अन् बाहेर टांगा उभा. मॅडम नाही म्हणतीन, असं भेव मले नव्हतंच. सरळ बोलावलं तं माय उठून जाईन, अन् तिले बसवता बसवता गाडी सुटन, याचं भेव होतं. गाडी गेली का माय गेली. म्हणून काढली तिकिटं. दुसरं काही सुचलंच नाही.

अरे, माय! उठू नको ना वं! बस! दार लावा कोणी तरी... माय, घरी गेल्यावर मार मले, काय मारायचं ते मार, पण आता बस. मी नाव घेतलं का तुहं? कोणालेच समजलं नसतं, तूच उठली!

मॅडम, तुम्ही कुठं चालल्या? सत्कार राहिला ना तुमचा. शाल पडली पाहा, ताई, उचला ती...

मॅडम मायपाशी गेल्या.

काय बोलून राहिल्या, इथून ऐकू नाही येत. मायनं मान हलवली. नाही म्हणून राहिली का हो म्हणून? मागच्या ताई, तुम्हाले दिसते का? हात धरला मॅडमनं. चालल्या. बाजूच्या बालवाडीच्या खोलीत गेल्या दोघी. दार लावून घेतलं.

काय सर? "बोलत राहा." हो सर. काय बोलू?

मॅडमविषयी बोलतो. मॅडमविषयी बोलावं तेवढं थोडं आहे. त्यांनी या दवाखान्याले... त्यांनी आमच्या दुकानाले टेप ठेवाले लावला. आता आमच्याकडं पडद्यामागं एक बाई माप घेते, पहिले घेत नव्हती. नानाजी अजून 'आतलं'च म्हणते, पण डब्बा उघडून दाखवते. मॅडमच्या जाण्यानं जी पोकळी निर्माण होणार आहे, ती... ती मोठी आहे. साहेब, घोडं खिंकाळून राहिलं तुमचं. मी समजतो. मले फक्त ते दार उघडू द्या. इतका वेळ लागते का हो तपासाले? लवकर झालं तं चांगलं असते का उशीर झाला तं चांगलं? कोणाले ठाऊक आहे का? सर, तुम्हीपण घामाघूम झाले.

पुढच्या रांगेतल्या मावशी उठल्या. बोला मावशी, काय म्हणता? जिजाबाई का तुम्ही? हो. जोरानं बोला, मागं ऐकू जात नाही.

"पोट्ट्या, मी हुडकेश्वरची हाय."

मेलो.

मावशी, मी... ते लगन... माझी बहीण लय चांगली पोरगी आहे हो...

"तुह्या बहिणीचं मी काय करू? मी म्हणते, तुही माय बाहेर आली का मले बी आत जाचं हाय. उजवीकडं हाय मह्या. दोन वर्षं झाले."

बसा मावशी. नाही, बसू नका, तिकडं दारापाशी जाऊन उभ्या राहा. पहिला नंबर तुमचा. ताई, तुम्हीपण? अन् तुम्ही? या, या, भिंतीच्या बाजूनं उभ्या राहा. गर्दी नका करू. चारुशीलाताई, तुम्ही व्यवस्थेसाठी चालल्या का... बरं, बरं. मी काही विचारलं नाही.

दार उघडलं.

मॅडम, काय? सांगा ना. माय, काय म्हणाल्या वं?

"चंद्रभान, त्यातलं एक तिकीट साहेबांना दे. एकच."

एकच.

म्हणजे तुम्ही आज नाही चालल्या. हे चांगलं आहे का वाईट, मॅडम? तुमच्या तोंडाकडं पाहून मले समजून नाही राहिलं. गाठ काढून तपासा लागन? सोमवारी? तुम्हीच काढान? बरं. साधीपण असू शकते ना? बरं. असू शकते म्हणाल्या.

माय, काय पाहून राहिली? काय पायजे?

"वाटी कुठं हाय रे? देणार होता ना?"

देतो माय. आजच आणून देतो, झाकणाची आणतो.

तं शेवटी, साहेब, हे घ्या तुमचं तिकीट, तुमची माफी मागतो. तिथं घर लावून ठेवा, मॅडम येतीनच. अध्यक्ष महोदय, तुम्ही मले खाली नाही उतरवलं, तुमचे आभार. मंडळाचे आभार. बोलता बोलता नको ते तोंडातून गेलं असन, मोठ्या माणसांच्या पुढं सांगू नये ते सांगितलं असन, तं लहान समजून पोटात घाला. नानाजींले सांगा, भाषण चांगलं झालं.

अन् माता-भगिनींनो, एकच विनंती. आज इथं जे ऐकलं, ते या हॉलातच राहू द्या. शामलाच्या सासरी नाही, कामठीले बाबाच्या लूमवर नाही, शेजारी नाही, नळावर नाही. बाबाले शनिवारी मीच सांगीन, कसं सांगायचं ते अजून ठरलं नाही. जिजामावशी, तुम्ही दारापाशी उभ्या आहात, तुमचं मी हुडकेश्वरात कोणाले सांगणार नाही, मायची शपथ. तुम्ही माझ्या मायचं सांगू नका. पाया पडतो, कोणालेच सांगू नका.